पाहा

धंतोलीच्या छापखान्यात मे महिना.
कूलरमधल्या वाळ्याचा वास, शाईचा वास,
आणि माझ्यापुढे कोशाचा सहावा खंड, ब ते म,
ओल्या प्रुफांत.

मेल्कार्त : पाहा हेराक्लीस.

एवढंच.
नावाचाच अर्थ ‘नगरीचा राजा’,
वर्षाकाठी जाळला जाणारा, वर्षाकाठी जागवला जाणारा,
आणि दहा पॉइंटात, एका ओळीत,
दुसऱ्याच्या दारात उभा.

हेडाऊ खिळे जुळवत होता. म्हणाला, कोणत्या गावचा?
टायरचा.
मंग पंक्चर झालं असन, म्हणाला, आणि खोकेपर्यंत हसला.

पण मी मागची बांधलेली पानं काढली.
अस्तार्ते : पाहा आफ्रोदिती.
एश्मून : पाहा आस्क्लेपिओस.
हेडाऊनं हसणं थांबवलं.
‘ह्या देवाइले सोताचं घर नाई का जी मॅडम?
ज्याच्या त्याच्या घरी भाड्यानं राह्यतेत.’

घर होतं.
लिहीतही होते ते लोक, पुष्कळ लिहीत;
पण पपायरसवर, आणि समुद्राच्या काठी.
ग्रीकांना अक्षरं दिली, रोमपर्यंत ती पोचली,
स्वतःच्या पोथ्या मात्र दमट हवेनं खाल्ल्या.
मागे राहिली ती गिऱ्हाइकांची साक्ष.
आणि शत्रूंची.

बआल हम्मोनचं हेडाऊनं ‘बाळ हम्मोन’ केलं होतं.
मी समासात खूण केली, तेव्हा पुढची ओळ वाचली :
त्याच्यापुढे तान्ही मुलं जाळत, असं म्हणतात.
कोण म्हणतात, ते नोंदीत नव्हतं.
ती चूक दुरुस्त करायला मला त्या दिवशी फार वेळ लागला.

आणि अडोनिस. अदोन म्हणजे नुसतं ‘मालक’.
त्याला हाक मारत रडणाऱ्या बायकांचा शब्द
ग्रीकांनी नाव समजून घरी नेला.
ऐन उन्हाळ्यात त्या गच्चीवर फुटक्या मडक्यांत बी पेरत,
आठवड्यात उगवे, आठवड्यात करपे,
मग देवाबरोबर तेही पाण्यात.
हसण्यासारखं नाही.
आम्हीही एकोणीस वर्षं मालकांना मालकच म्हणत होतो.
त्यांचं नाव मनोहर, हे मला
श्रद्धांजलीची चौकट तपासताना कळलं.
तेव्हाही मेच होता. शेहेचाळीस अंश.

त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट, तान्हा पोळा.
रस्त्यावर ‘घेऊन जा गे मारबत’चा गलका,
आणि हेडाऊचा नातू छापखान्यात
चाकांचा लाकडी बैल ओढत आला.
मी त्याला सांगितलं, टायरची एक राजकन्या होती,
बैलाच्या पाठीवर बसली आणि समुद्रापलीकडे गेली.
तिचा भाऊ शोधायला निघाला, सोबत अक्षरं घेऊन.
बहीण सापडली नाही. अक्षरं तिकडेच राहिली.
‘मंग बैल?’ पोरानं विचारलं.
मी त्याला त्यांचं पहिलं अक्षर काढून दाखवलं, आलेफ,
आलेफ म्हणजे बैल,
आडवं डोकं, दोन शिंगं.
हेडाऊ वाकून बघत राहिला.
ते उजवीकडून डावीकडे लिहीत, मी म्हटलं.
‘म्हंजे आपल्या खिळ्यावानी,’ तो म्हणाला.
चाळीस वर्षं तो उलटंच वाचत आला होता.

मशीन इतवारीच्या भंगारवाल्यानं वजनावर नेलं.
खिळे वितळले.
शेवटचा खंड, श ते ज्ञ, निघालाच नाही.
म्हणजे हेराक्लीस नाही.
म्हणजे मेल्कार्त अजून तिथंच उभा आहे,
ज्या दारापाशी पाठवलं
ते दार कुणी बांधलंच नाही.

माझ्या प्रतीत मी पेन्सिलीनं एक शब्द खोडला.
मेल्कार्त : पाहा

पुढची जागा रिकामी दिसते.
दिसू दे.